जुना कारखाना वगळून

१

थोरल्याने नव्या मसुद्याचं दुसरं पान वाचलं, चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. चष्मा स्वच्छच होता. पानावरची ओळ काही बदलली नाही.

कचेरीतल्या टेबलाच्या पलीकडे पाहुणे बसले होते. घरातले सगळे त्यांना पाहुणेच म्हणत. खरं तर ती परदेशी कंपनीची माणसं, आणि आली होती ती ही कंपनी विकत घ्यायला. पाण्याचे मीटर बनवणारी ही कंपनी वडिलांनी उभी केली होती आणि आता ती तीन भावंडांची होती. बोलणी सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. इकडची भाषा तिकडे आणि तिकडची इकडे करायला दुभाषीबाई होत्या.

"पाच मिनिटं," थोरला म्हणाला.

दुभाषीबाईंनी ते पाहुण्यांना सांगितलं, आणि अख्खं घर उठून आतल्या खोलीत गेलं. ही त्यांची रीतच होती. मुद्दा आला की उठायचं, आत जाऊन दार लावायचं, एकमेकांच्या अंगावर ओरडायचं आणि मग हसतमुखाने बाहेर यायचं. बिचारे पाहुणे तोवर गार कॉफी पीत बसत.

आज मात्र आत गेल्यावर कोणीच ओरडलं नाही. थोरल्याने मसुदा टेबलावर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाचा."

धाकट्याने वाचलं. त्याच्या पाठोपाठ ताईने, मग ताईच्या नवऱ्याने. शेवटी मसुदा मामांच्या हातात आला. भावंडांनी जे जे मागितलं होतं ते ते पाहुण्यांनी मान्य केलं होतं. पाटीवर वडिलांचं नाव राहणार होतं, बंगला घराकडे राहणार होता, ताईची खुर्ची शाबूत होती. पाहुणे सगळी कंपनी घ्यायला तयार होते. फक्त पुढे तीन शब्द होते: जुना कारखाना वगळून. तो भावंडांनी सह्यांच्या आधी स्वतःच बंद करायचा होता.

काल संध्याकाळी थोरल्याच्या घरी, जेवणाच्या टेबलाभोवती, या पाचजणांनी नेमकं हेच ठरवलं होतं: पाहुणे अगदीच अडून बसले तर जुन्या कारखान्यावर पाणी सोडायचं, बाकी कशावरही नाही. पण पाहुणे अडून बसलेच नव्हते. त्यांनी आज साधं विचारलंही नव्हतं. उत्तर माहीत असल्यासारखे ते सकाळी छापील मसुदाच घेऊन आले होते.

"कुणीतरी फोडलं," धाकटा म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा दुसरीकडे वळवल्या. मग, ठरवून केल्यासारखं, पाचही चेहरे दाराच्या काचेकडे वळले. काचेपलीकडे दुभाषीबाई पाहुण्यांच्या समोर एकट्याच, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"काल मसुद्याची भाषांतरं द्यायला ती घरी आली होती," ताई म्हणाली. "पुढच्या खोलीत बसली होती. दार नुसतं लोटलेलं होतं."

"त्याहून मोठी गोष्ट सांगतो," धाकटा म्हणाला. "आत्ता ऑफिसातून कळलं. तिची आई आपल्या जुन्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. वर्षानुवर्षं. दोन आठवडे ही बाई आपल्या मांडीला मांडी लावून बसते, पण याबद्दल एक अक्षर बोललेली नाही."

२

हे काम मामांच्या गळ्यात पडणार हे उघड होतं. ते या भावंडांच्या आईचे भाऊ. आयुष्यभर विमा कंपनीत जळिताच्या दाव्यांची पाहणी केली, आणि निवृत्त झाल्यावर भाच्यांनी 'आपलं वडीलधारं माणूस' म्हणून बोलण्यांना आणून बसवलं. आपल्याला माणूस ओळखता येतो, याचा मामांना बराच अभिमान होता. लग्नाकार्यात चारजण भेटले की ते हमखास सांगत, जळलेल्या घरात राखेकडे बघायचं नाही, घरमालकाकडे बघायचं. काय काय गेलं ते सांगताना तो कशासाठी रडतो हे बघायचं, आणि कशाबद्दल तो विचारतच नाही हेही. ज्या वस्तूची त्याला आठवणही येत नाही, ती त्याने आगीच्या आधीच घराबाहेर काढलेली असते.

"संध्याकाळी सह्या आहेत," थोरला म्हणाला. "त्याआधी मला नाव हवं, मामा. पाहुण्यांना मी सांगतो, माझी तब्येत बरी नाही, संध्याकाळी बसू."

मामांनी दुभाषीबाईंना मोडक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत बोलावलं. दुसरी जागा नव्हती, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे अशा खोलीत माणूस लवकर घाबरतो, हे त्यांना धंद्यामुळे माहीत होतं.

दुभाषीबाई पस्तिशीच्या असतील. त्या एका धड खुर्चीवर बसल्या.

"काल तुम्ही पुढच्या खोलीत होतात. आतलं ऐकू आलं?"

"आलं."

"सगळं?"

"दार उघडं होतं, मामा. कान बंद करता येत नाहीत."

"आणि तुमची आई आमच्याकडे कामाला आहे."

"हो. हे काम मिळालं तेव्हा मला पाठवणाऱ्या एजन्सीला सांगितलं होतं. तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही."

मामांनी दुभाषीबाईंची बॅग मागितली. ते आपण का केलं हे त्यांना नंतर कधीच धड सांगता आलं नाही. दुभाषीबाईंनी बॅग दिली नाही, स्वतःच उघडली आणि एकेक वस्तू काढून धुळीच्या टेबलावर मांडली. घशाच्या गोळ्या, दोन पेनं, डोळ्यांत घालायचे थेंब, डबा, रुमाल, घराची किल्ली. शेवटी बॅग उलटी करून झटकून दाखवली. साठीचा माणूस आणि समोर एका बाईचा जेवणाचा डबा. तरी मामा थांबले नाहीत.

"मग पाहुण्यांना कळलं कसं?"

दुभाषीबाईंनी डब्यावरची धूळ रुमालाने पुसली.

"तुम्ही सांगितलंत?"

"नाही."

"मग कसं कळलं हे तुम्हाला माहीत आहे?"

यावर त्या इतका वेळ गप्प राहिल्या की मामांना आपण जिंकलो असं वाटलं.

"याहून जास्त मला बोलता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"येणार नाही, की बोलायचं नाही?"

"माझ्या कामात ते एकच आहे." त्यांनी वस्तू परत बॅगेत भरल्या. "एजन्सीला कळवायचं असेल तर कळवा. असलं एकदा नाव झालं की मला कोणी टेबलाशी बसवणार नाही, ते मला कळतं. पण माझ्या आईच्या कानावर एवढ्यात काही जाऊ देऊ नका. तिच्यासमोर मी चोर ठरले तर मला ते सोसणार नाही."

"ते माझ्याकडे लागलं," मामा म्हणाले.

बाहेर आल्यावर धाकट्याने विचारलं, "काय म्हणते?"

आणि मामा बोलून गेले, "तिला काहीतरी माहीत आहे."

एवढंच. धाकट्याने मान डोलावली, गाडीची किल्ली उचलली आणि तो जिना उतरून गेला. कुठे चाललास, हे विचारायचं मामांना सुचलं नाही.

३

जावईबापू गच्चीवर सापडले. ताईचा हा नवरा कंपनीत विक्री बघायचा. माणूस गोड, पण गोडपणात जरा घाई. मामांना पाहताच त्याने हातातली सिगरेट कठड्याबाहेर टाकली.

"मामा, मी एक सांगितलं तर हिला कळणार नाही ना?"

"काय सांगतोस त्यावर आहे."

"गेल्या आठवड्यात मी पाहुण्यांच्या म्होरक्याला हॉटेलवर जाऊन भेटलो. एकटा."

मामांनी कठड्याला टेकून सगळं ऐकून घेतलं. जावयाला पाहुण्यांच्या मुख्य कचेरीत जागा हवी होती. मेव्हण्यांच्या हाताखाली किती वर्षं राबायचं, असं तो म्हणाला. म्होरक्याने त्याला कॉफी पाजली, भाषा मोडकीतोडकी असल्यामुळे दोघंही बराच वेळ नुसते हसले, आणि जागेचं काही बोलणं झालंच नाही.

"मग काय बोललात?"

"त्याने मलाच विचारलं. तुमच्या घरात सगळी माणसं प्रत्येक गोष्टीला उठून आत का जातात, म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आम्हाला जे जिवाभावाचं असतं त्यावर आम्ही आधी आपसात बोलून घेतो." जावई ओशाळला. "चांगलं उत्तर दिलं असं वाटलं मला तेव्हा. कारखान्याचं मात्र नावही निघालं नाही, मामा. मुलांची शपथ."

मामांना तो खरं बोलतोय असं वाटलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला इतकं लहान करून दाखवत नाही.

ताई तिच्या खोलीत फोनवर होती. मामा आलेले पाहून तिने फोन ठेवला आणि विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. नवा कारखाना मी बघते, जुना बंद झाला तर माझंच भलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी फोडलं नाही. फोडायची गरज काय होती? जुन्या कारखान्याचं सगळंच कुरकुरीचं. शनिवारी सायकल स्टँड पाडला, तर उन्हात सायकली ठेवायच्या का म्हणून दिवसभर तोंडं वाकडी. नवीन गोदाम होणार होतं तिथे. आता कसलं गोदाम."

"दोन आठवड्यांत टेबलावर तुला काही वेगळं दिसलं? पाहुण्यांचं?"

ताईने थोडा विचार केला. "वेगळं असं नाही. एकदा तो म्होरक्या उगाचच उठायला लागला होता. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. त्याने खुर्ची मागे सारली, कप हातात घेतला आणि मग तसाच बसून राहिला, कप धरून. मला हसू आलं होतं."

"कशावर बोलणं चाललं होतं?"

"ते कुठे लक्षात राहतं, मामा? रोजचंच काहीतरी."

४

मामा आतल्या खोलीत एकटेच बसले आणि त्यांनी मसुदा परत पहिल्यापासून वाचायला घेतला. मसुद्याच्या शेवटी कारखान्याच्या आवाराचा नकाशा जोडलेला होता. जुना कारखाना लाल रेषेने वेगळा काढला होता. नकाशा दिसला की मामांना राहवत नसे. तीस वर्षं त्यांनी जळक्या घरांचे नकाशे तपासले होते. ते खिडकीपाशी गेले.

नकाशा सुरेख होता. शेड, भट्टी, पाण्याची टाकी, पहारेकऱ्याची खोली, सगळं जागच्या जागी. मागच्या महिन्यात बसवलेला ट्रान्सफॉर्मरही होता, म्हणजे जुना नकाशा उचलून चिकटवलेला नव्हता. कोणीतरी अलीकडे जाऊन मोजमाप घेतलं होतं. मामांचं बोट फाटकापाशी आलं आणि तिथेच थांबलं.

फाटकाच्या डाव्या हाताला सायकल स्टँड होता.

मामांनी कारखान्याच्या पहारेकऱ्याला फोन लावला. "पाहुण्यांची माणसं टेप घेऊन आली होती का रे तिकडे?"

"आली होती ना साहेब. गेल्या आठवड्यात. स्टँड पाडायच्या आधी. आम्हीच त्यांना टोक धरायला मदत केली. का, काय झालं?"

मामांनी फोन ठेवला. जुना कारखाना सोडायचा हे घरात ठरलं काल, सोमवारी संध्याकाळी. त्याआधी घरातल्या कोणी हा विषय उच्चारलाही नव्हता. मामांना पक्कं आठवत होतं, कारण जेवणं झाल्यावर 'आणि जुन्या कारखान्याचं काय?' असं त्यांनीच विचारलं होतं. ताई म्हणाली, गेला तर गेला. आणि पाहुण्यांनी तो कारखाना लाल रेषेने वेगळा काढायला मोजून घेतला होता शनिवारच्याही आधी.

तेव्हा काल संध्याकाळी दाराआड कोणी काय ऐकलं याला काही अर्थच उरत नव्हता. दुभाषीबाईंनी फोडलं नव्हतं. कोणीच फोडलं नव्हतं, कारण फोडायला तेव्हा काही नव्हतंच. घराला कळायच्या आधी पाहुण्यांना कळलं होतं.

हे कसं शक्य आहे, हा विचार करत मामा दाराशी आले, तेवढ्यात धाकटा जिना चढून वर आला. घामाघूम, पण खुशीत.

"झालं काम," तो म्हणाला. "कारखान्यात जाऊन सगळ्यांना उभं करून सांगून आलो. सांगितलं की आम्ही शेवटपर्यंत भांडत होतो, पण तुमच्यातल्याच एकीच्या मुलीने आतली बातमी पाहुण्यांना विकली. आता आपल्या नावाने कोणी बोटं मोडणार नाही. तुम्हीच म्हणालात ना, तिला माहीत आहे म्हणून."

मामांनी हातातला मसुदा मिटला.

"तिची आई होती तिथे?"

"पहिल्या रांगेत," धाकटा म्हणाला.

५

दार लावून घ्यायला मामांनीच सांगितलं. पाचजण आतल्या खोलीत उभे होते. बसायचं कोणाला सुचलं नाही. मामांनी नकाशा दाखवला, सायकल स्टँड दाखवला, पहारेकऱ्याचं बोलणं सांगितलं.

"मग आधीच कोणीतरी सांगितलं असणार," थोरला म्हणाला.

"काय सांगणार? आपणच बोललो नव्हतो." मामा म्हणाले. "मी तुम्हाला एकेक विचारतो, तुम्ही सांगा. पाटीवरच्या नावाचा मुद्दा निघाला तेव्हा आपण काय केलं?"

"आत आलो. भांडलो."

"बंगला?"

"आत आलो."

"ताईची खुर्ची? वडिलांचा फोटो दर्शनी लावायचा तो? ड्रायव्हरला कामावर ठेवायचं ते?"

"आत आलो, आत आलो," जावई म्हणाला. "ड्रायव्हरसाठी तर दोनदा." मग त्याचा चेहरा पडला. म्होरक्याने विचारलेला प्रश्न त्याला आठवला असावा.

"पहिल्या आठवड्यात तो म्होरक्या म्हणाला होता की जुना कारखाना चालू ठेवायचं बंधन आम्ही घेऊ शकणार नाही. आठवतं?"

थोरल्याने चष्मा काढला.

"मला आता आठवतं," मामा म्हणाले. "त्याने ते वाक्य टाकलं आणि खुर्ची मागे सारली. कप घेतला. त्याला वाटलं, आता हे नक्की उठणार, एवढी माणसं कामाला आहेत म्हटल्यावर आता तासभर तरी आत बसणार. आणि तू, थोरल्या, म्हणालास, ठीक आहे, पुढे. आपण ड्रायव्हरसाठी दोनदा उठलो. त्यांच्यासाठी एकदाही नाही."

"तो फक्त सुरुवातीचा मुद्दा होता," थोरला म्हणाला. "नंतर बोलणार होतो आपण."

"त्याने दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणून पाहिलं. आणि त्यानंतर एकदा. दरवेळी आपण पुढे गेलो. मग त्याने माणसं पाठवून मोजून घेतलं. त्याला कोणी काही सांगायची गरजच काय होती? मी आयुष्यभर लोकांच्या घरात जाऊन हेच केलं. माणूस कशाबद्दल विचारत नाही ते बघायचं. आपण जुना कारखाना केव्हाच घराबाहेर काढून ठेवला होता. काल फक्त तोंडाने बोललो." मामा थांबले. "आणि तुम्ही म्हणता तसा मी माणसं ओळखणारा. रोज त्याच टेबलाशी बसलो होतो. मीही उठलो नाही. मला तर ते दिसलंही नाही."

थोरल्याने कारखान्यातल्या लोकांना भर सभेत दोनदा शब्द दिला होता, तुमचा कारखाना आहे तसा राहील. तो खाली मान घालून नकाशाकडे बघत राहिला. ताईने डोळे पुसले. मामांना क्षणभर वाटलं, आता हे काहीतरी करतील.

मग थोरल्याने मोठा श्वास सोडला.

"म्हणजे आपल्यातलं कोणी नाही," तो म्हणाला. "बरं झालं. माझ्या जिवाला घोर लागला होता."

"हो ना," ताई म्हणाली. "मला तर वाटत होतं..." आणि तिने नवऱ्याकडे बघून वाक्य अर्धवट सोडलं.

सगळ्यांच्या चेहऱ्यांवर रंग परत आला. मामा ते बघत राहिले आणि त्यांना आपल्या माणसांची इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना.

"धाकट्या, तू आत्ता कारखान्यात परत जा," ते म्हणाले. "खरं काय ते सांग."

"मी? काय सांगू मामा? की आम्हीच सोडला? लोक फाडून खातील मला."

"राहू द्या, मामा," थोरला म्हणाला. "तिला कामाचा मोबदला देऊ, वर थोडा जास्त देऊ. एजन्सीला चांगलं पत्र लिहू. ती आज आहे, उद्या दुसरीकडे जाईल. लोकांना राग काढायला कोणीतरी लागतंच. चला, पाहुणे खोळंबलेत."

दुभाषीबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मामा त्यांच्यापुढे उभे राहिले. बसायची हिंमत झाली नाही.

"आम्ही आत गेलो की तुम्ही बाहेरच असायचात," मामा म्हणाले. "पाहुण्यांबरोबर. ते तुमच्यासमोर आपसात बोलत असणार."

दुभाषीबाईंनी वर पाहिलं.

"तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. त्यांनी आम्हाला कसं ओळखलं ते. तेवढं सांगितलं असतंत तर मी तुमची बॅग..."

"त्यांच्या टेबलावरचं मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुमचंही मी कोणाला तरी सांगितलं असेल हे खरं ठरलं असतं," दुभाषीबाई म्हणाल्या. "आताही मी त्यावर काही म्हणणार नाही."

"आणि आई? ज्या कारखान्यात ती आहे तो जातोय, हे ऐकून तुम्ही ते तसंच्या तसं आम्हाला सांगितलंत. तीनदा."

"तेच माझं काम होतं." त्या उठल्या. मग मामांचा चेहरा पाहून थांबल्या. "काय झालं?"

मामांनी सांगितलं. धाकटा कारखान्यात जाऊन काय बोलला, कोणापुढे बोलला आणि कोणाच्या शब्दावरून बोलला. एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही, कारण तेवढंच त्यांच्या हातात होतं. दुभाषीबाईंनी बाकाची कड धरली.

"आई काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

आतून थोरल्याने हाक मारली. सह्या करायच्या तर दुभाषी हवी होती. दुभाषीबाईंनी रुमालाने तोंड पुसलं, केस नीट केले आणि त्या आत गेल्या. दार लागायच्या आधी मामांना त्यांचा आवाज ऐकू आला, स्पष्ट आणि सारखा. पहिल्या कलमापासून सुरुवात झाली होती.

मामांची खुर्ची टेबलाशी रिकामी होती. ते जिना उतरले.

६

जुन्या कारखान्यात टेस्टिंगचं लांब टेबल होतं. त्यावर ओळीने पितळी मीटर बसवलेले आणि प्रत्येकातून पाणी वाहत होतं. काटा बरोबर फिरतो की नाही ते बघून बायका मीटर पुढे सरकवत. काम चालू होतं. कारखाना जाणार हे कळल्यावरही ते का चालू होतं, हे मामांना कळलं नाही, आणि विचारायचा आपल्याला काही हक्क आहे असंही वाटलं नाही.

दुभाषीबाईंची आई त्यांनी लगेच ओळखली. मान ताठ ठेवायची पद्धत तीच होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. तिथल्या बायका टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बाई," मामा म्हणाले, "तुमच्या मुलीने काही सांगितलेलं नाही."

तिने मीटर खाली ठेवला.

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "दोन आठवडे माझ्याच घरात जेवते. मी रोज विचारायचे, काय गं, आमचं काय ठरतंय. ती म्हणायची, आई, भाजी वाढ. मलाच सांगितलं नाही तिने, तर त्यांना काय सांगणार?"

मामांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"तिला काळजी होती, तुम्हाला काय वाटेल याची."

"माझं सोडा." तिने टेबलाच्या त्या टोकाकडे पाहिलं. "मला वाटून काय होतंय? या माझ्याशी बोलत नाहीत दुपारपासून. पोरगी संध्याकाळी घरी येईल तेव्हा या सगळ्या राहतात त्याच गल्लीतून येईल. कोणी फोडलं मग?"

"कोणीच नाही. त्यांनी आमच्या वागण्यावरून ओळखलं. आम्हीच..." मामांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आम्हीच तुमच्यासाठी भांडलो नाही. मीही तिथेच होतो."

तिने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. रागावली असती तर मामांना सोपं गेलं असतं.

"हे मला हळू आवाजात सांगून काय उपयोग, मामा?" ती म्हणाली. "धाकटे साहेब त्या पेटीवर उभे राहून बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुम्हीही तसंच सांगा."

ती टेबलाच्या टोकाशी गेली आणि तिने मुख्य नळ बंद केला. एकामागून एक सगळे मीटर थांबले. भट्टीवरची माणसं, पॅकिंगची माणसं, एकेक करून जवळ आली. मामांचे गुडघे पूर्वीसारखे राहिले नव्हते. कोणीतरी हात दिला आणि ते पेटीवर चढले. समोर चेहरेच चेहरे होते. यातल्या निम्म्यांना ते नावाने ओळखत होते.

"तुमच्या टेस्टिंगच्या बाईंच्या मुलीने काहीही फोडलेलं नाही," मामा म्हणाले. "तिच्यावर आळ आला तो माझ्या तोंडामुळे. कारखाना आम्ही सोडला. पाहुण्यांनी तीनदा विचारलं आणि तीनही वेळा आम्ही गप्प बसलो. त्या टेबलाशी मी होतो. तुमच्यासाठी मी तोंड उघडलं नाही."

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या फिटरने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय म्हणाले ते. भट्टीशेजारी उभं राहून त्याचे कान गेले होते. पुढचा माणूस सांगायला वळला, पण टेस्टिंगच्या बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि मामांकडे पाहिलं.

मामांनी तेच सगळं परत एकदा, पहिल्यापासून, मोठ्या आवाजात सांगितलं.